मरीन पॉलिसीत ‘इंग्लिश लॉ’ लिहिलंय म्हणून केस लंडनला जात नाही

माल बाहेर पाठवणाऱ्यांमधे एक मेसेज फिरतोय, मलाच चौघांनी पाठवला. त्यात म्हणणं असं की मरीन पॉलिसीत, म्हणजे समुद्रातून जाणाऱ्या मालाच्या नाहीतर जहाजाच्या विम्यात, इंग्लिश लॉ असतो म्हणून भांडण लंडनच्याच कोर्टात, इथं केस टाकून उपयोग नाही. नाहीतर मग विमा कंपनी वठणीवर यायला हायकोर्टातून जहाज अडकवा. आणि कन्झ्युमरमधे, म्हणजे ग्राहक कोर्टात, जायचं तर कंपनीची ब्रांच असेल तिथं कुठंही. तिन्ही चूक, आणि पहिलं तर माणसाला बुडवणारं.

कार्गो पॉलिसीला, म्हणजे मालाच्या विम्याला, इन्स्टिट्यूट क्लॉजेस ही लंडनची ठरलेली छापील कलमं जोडलेली असतात, त्यात 19 नंबरला एक ओळ आहे की हा विमा इंग्लिश कायदा आणि प्रथेप्रमाणे. बस तेवढंच. कायदा कुठला ते सांगितलंय, कोर्ट कुठलं ते नाही. हा फरक खुद्द लंडननंच केलाय. 1983 ची अमीन रशीदची केस बघा, जहाजवाल्या कंपनीचा कारभार दुबईतून, विमा कुवेतच्या कंपनीचा, जहाज सौदीनं पकडलं डिझेल स्मगलिंगच्या आरोपावरून, कप्तान खलाशी तुरुंगात, आणि जहाजवाले गेले लंडनला की पॉलिसी लॉइड्सच्या, म्हणजे लंडनच्या विमा बाजाराच्या, नमुन्याची आहे, तुम्हीच निकाल द्या. हाऊस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टानं, मानलं की कायदा इंग्लंडचाच लागतो, तरी केस घेतली नाही, कुवेतला कोर्ट आहे तिकडं जा म्हणाले.

आता पॉलिसीत अमुकच कोर्ट किंवा आर्बिट्रेशन (लवाद) असं वेगळं कलम असेल तर गोष्ट वेगळी, ते आधी वाचाच. पण नसेल तर मुंबईत घेतलेल्या पॉलिसीची केस मुंबईत टाकता येते, सिव्हिल प्रोसिजर कोडच्या कलम 20 खाली. क्लेम नाकारल्यापासून 3 वर्षं मिळतात. लंडनचं नाव ऐकून लोक गप्प बसतात आणि तेवढ्यात मुदत निघून जाते, ओळखीतल्या एकाचं अगदी असंच झालं, म्हणून एवढं पोटतिडकीनं लिहितोय.

जहाज अडकवायचं म्हणाल तर 2017 च्या अॅडमिरल्टी कायद्यात, म्हणजे जहाजांवरच्या दाव्यांच्या कायद्यात, जहाजमालकानं थकवलेला प्रीमियम येतो, तुमचा विमा कंपनीवरचा क्लेम नाही. एलिझाबेथ जहाजाच्या केसचा दाखला मेसेजमधे दिलाय, पण तिथं गोव्याच्या कंपनीचा माल मुरगावहून गेलेला, जहाज अडकवलं विशाखापट्टणमला, आणि भांडण जहाजवाल्याशीच होतं. 1992 ला सुप्रीम कोर्टानं हायकोर्टाचा जहाज अडकवण्याचा अधिकार मान्य केला, त्यात विमा कंपनीचा काय संबंध?

ब्रांचचं तर 2009 लाच संपलं. अंबाल्याच्या गोडाऊनला आग, पॉलिसी अंबाल्याची, तक्रार चंदीगडला कारण तिथं ब्रांच. सुप्रीम कोर्टानं नाही म्हटलं, जिथं भांडणाचं कारण घडलं तिथलीच ब्रांच धरायची. मात्र 2019 च्या ग्राहक कायद्यानं तक्रारदार राहतो किंवा काम करतो तिथंही तक्रार चालते, म्हणजे सांगलीच्या माणसाला सांगलीत. धंद्याचा विमा कन्झ्युमरमधे बसतच नाही असं कंपनी म्हणेल, त्याची तयारी ठेवा, आणि इथं मुदत 2 वर्षांचीच आहे, 3 नाही.