बारा व्होल्टची साडेसाती

पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणारा फिश फाइंडर घेताना मला फारसं डोकं चालवावं लागलं नाही. चार इंची पडदा, पाण्यात सोडायचा ट्रान्सड्यूसर, बस्स. ट्रान्सड्यूसर आवाजाचा ठोका खाली सोडतो, तो पाण्यातून सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने जातो, तळावर नाहीतर माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवर आपटून परत येतो आणि पडद्यावर कमान उमटते. एवढ्या विद्वान यंत्राच्या खोक्यात स्क्रू होते, स्टँड होता, सतराशे साठ भाषांतली पुस्तिका होती. बॅटरी तेवढी नव्हती. लाल आणि काळी अशा दोन वायरी नुसत्या लोंबत होत्या. मोटरबोटवाल्यांचं बरं असतं, त्यांच्या बोटीत बॅटरी असतेच. माझ्या कयाकमध्ये, म्हणजे वल्ह्याने हाकायच्या चिंचोळ्या होडीत, इंजिन म्हणजे आपणच, आणि आपल्याला कुठूनही पिळलं तरी बारा व्होल्ट निघत नाहीत.

यंत्राची भूक तशी चिमणीएवढी. चार-पाच इंची साधा फिश फाइंडर पाव ते अर्धा अँपिअर खातो. अर्धा धरला तरी आठ तासांचे चार अँपिअर-अवर (अँपिअर गुणिले तास). हे गणित मुलीने तोंडी करून दिलं आणि ती खेळायला पळाली. खरं तर विषय तिथेच मिटायचा. पण घरात बॅटरीचं नाव निघालं आणि ज्यांना ज्यांना म्हणून मत होतं ते सगळे गोळा झाले.

पहिला मान मेव्हण्याचा. "दाजी, वेगळी बॅटरी कशाला? माझी पॉवर बँक न्या. वीस हजारची आहे!" वीस हजार हा आकडा त्याने अशा काही थाटात उच्चारला की चार अँपिअर-अवरवाला मी अगदीच दरिद्री वाटू लागलो. आता ते २०,००० एमएएच (हजार एमएएच म्हणजे एक अँपिअर-अवर) मोजलेले असतात आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवर. बारा व्होल्टवर आणले की त्यांचे होतात जेमतेम सहा अँपिअर-अवर, त्यातूनही रूपांतराची दलाली कापली जाते. शिवाय साध्या यूएसबीतून बाहेर पडतात पाच व्होल्ट. बारा हवे असतील तर खास केबल लागते, आणि ती लावली तरी ती पॉवर बँक बारा देते की नऊवरच अडून बसते, हे आधी तपासायचं. हे सगळं मी त्याला समजावलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "पण वीस हजार आहे ना?"

मग एक मित्र आठ पेन्सिल सेलचा होल्डर घेऊन आला. आठ गुणिले दीड, बारा. कागदावर सुरेख. चार्ज होणारे सेल घातले तर मात्र प्रत्येकी १.२ प्रमाणे ९.६ व्होल्ट, आणि बरेच फिश फाइंडर दहाच्या खाली तोंड उघडत नाहीत. त्याहून मोठी गंमत स्प्रिंगांची. आठ सेलची सोळा टोकं, त्यातलं एक जरी लाटेच्या धक्क्याने केसभर सरकलं तरी पडदा बंद. मित्राने होल्डर टेबलावर ठेवून बोटाने हलकी टिचकी मारली. तिसऱ्या खणातला सेल टुणकन उडून सोफ्याखाली गेला. पुढची चर्चा गुडघ्यांवर बसून झाली.

आता खरा पारंपरिक उमेदवार: सीलबंद लेड-अ‍ॅसिड, १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवर. घुसखोरीच्या अलार्ममध्ये, छोट्या यूपीएसमध्ये असते तीच काळी वीट. घराणं जुनं, मूळपुरुष १८५९ सालचा, फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांचा. पण अशा जुन्या घराण्यांत अटीही फार. लेबलवरचे सात हे सावकाश, वीस तास पुरवून खाल्लं तर. बरीच वर्षं टिकवायची असेल तर निम्म्याखाली उतरवायची नाही. उतरवून तशीच विसरलात तर आतल्या पट्ट्यांवर सल्फेट धरतं आणि बॅटरी कायमची रुसते. म्हणजे लेबलवर सात, पदरात साडेतीन, आणि उचलायला दोन किलोंहून जास्त. वजनाची कपात तेवढी कुठे नाही. "अरे, तळाला वजन असलेलं चांगलं, कयाक डुलत नाही," हे त्या वेळी मला ज्याने सांगितलं, तो उभ्या आयुष्यात कयाकमध्ये बसलेला नाही.

लिथियम-आयनचा तीन सेलचा पॅक हलका, देखणा. पण भरलेला असताना १२.६, रिकामा होताना नऊच्या आसपास. पॅकमध्ये जीव शिल्लक असतानाच फिश फाइंडर मान टाकणार, हा हिशेब मला रुचेना.

शेवटी गाडी आली लिथियम आयर्न फॉस्फेटवर. ३.२ व्होल्टचे चार सेल, एकूण १२.८, वजन त्या काळ्या विटेच्या निम्म्याहून कमी, आणि जवळजवळ सगळी क्षमता खरोखर वापरायला मिळते. १९९७ साली अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांच्या चमूने हा पदार्थ बॅटरीसाठी पुढे आणला. लिथियम बॅटरीवरच्या कामासाठी गुडइनफ यांना नोबेल मिळालं तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. मला यात काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. बॅटरीचा निकाल लागेपर्यंत माणसाचं तेवढं वय होतंच.

या बॅटरीची एकच खोड. व्होल्टेज शेवटपर्यंत ताठ. फिश फाइंडरच्या कोपऱ्यातला आकडा पाहावा तर १३.२, तासाभराने १३.१, मग बराच वेळ १३ च्या आसपास, आणि मग एकदम काळोख. काही नातेवाईक आयसीयूत जाईपर्यंत "मला काहीऽऽ झालेलं नाही" म्हणतात, त्यातला प्रकार.

आता किती मोठी? सात, दहा की बारा? सातवाली ८९.६ वॉट-अवरची (व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर), म्हणजे विमानात हातातल्या सामानातून विनापरवानगी नेता येणाऱ्या १०० च्या आत. दहावाली १२८ वर जाते, तिला विमान कंपनीची परवानगी लागते. कयाक काखोटीला मारून मी विमानात चढणार नव्हतो, तरी हा मुद्दा मला फार पटला.

हे सगळं ऐकून ही म्हणाली, "अहो, ती आठ तास चालेल हो. तुम्ही चालाल का?" या प्रश्नाचा विचार एकाही तज्ज्ञाने केलेला नव्हता. तीन तासांत माझी कंबर कटऑफला जाते, आणि तिला बीएमएस, म्हणजे बॅटरीला सांभाळणारं सर्किट, नाही. म्हणजे गरज दीड अँपिअर-अवरची. सोफ्याखाली गेलेल्या सेलसकट कुठलाही पर्याय कसाबसा चालला असता. मी तरीही सातवाली घेतली. एवढा अभ्यास काय वाया घालवायचा?

पुढे चार्जर वेगळा (१४.६ व्होल्टवर थांबणारा), लाल वायरीत बॅटरीच्या अगदी जवळ तीन अँपिअरचा फ्यूज, आणि थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची, बॅटरीच्या पट्टीवर बसणारी धातूची खोबण. बॅटरीची पट्टी ४.८ मिलिमीटरची, घरात होती ती थिंबलं ६.३ ची. पक्कडीने दाबून घट्ट केलेलं थिंबल नीट बसल्याचं नाटक करतं आणि वायरीला हात लागला की अलगद गळून पडतं.

मग जलरोधक डबा. आयपी ६७, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी आत थेंब जाणार नाही. असा डबा आणायचा, त्याचं रबर नीट तपासायचं, आणि मग वायर बाहेर काढायला त्याला स्वतःच्या हाताने भोक पाडायचं! त्यावर केबल ग्लँड, म्हणजे वायरीभोवती आवळून पाणी अडवणारं बूच, बसवायचा. ग्लँडमधून वायर जाते, वायरीच्या टोकाचा प्लग जात नाही. म्हणजे प्लग कापा, वायर ओवा, पुन्हा जोडा.

मेव्हणा ड्रिल घेऊन हजर होता. "दाजी, किती एमएमचं पाडू?" म्हटलं, थांब, आधी ग्लँड मोजू दे. त्याने ड्रिल मांडीवर घेतलं, खटका दाबून त्याची बॅटरी काढली आणि उलटसुलट करून बघू लागला. अठरा व्होल्टची. भरल्यावर एकवीसपर्यंत जाणारी, म्हणजे माझ्या फिश फाइंडरला सरळ स्वर्गात पोचवणारी.

"दाजी," तो म्हणाला, "ही तर घरातच होती की!"