दार बदला की सर

गॅलरीचं दार कधी बदलावं याबद्दल आमच्या सोलापुरात ज्याला त्याला मत आहे, फक्त ज्याचं दार त्याला कुणी विचारत नाही. रागात लिहितोय, आधीच सांगतो. तळपाय अजून हुळहुळतायत.

झालं ते थोडक्यात असं. रविवार, मे महिना, दुपारी दोन-अडीचची वेळ, पारा ४३ वर. जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट, हॉलला पश्चिमेकडं गॅलरी आणि मध्ये बिल्डरनं दिलेलं सरकतं काचेचं दार. बायकोनं घातलेल्या कुरडया उलटायला बाहेर आलो आणि मागं दार ओढून घेतलं, कारण मागं एकदा ते उघडं राहिलं तर कबुतर आत येऊन टीव्हीवर बसलं होतं आणि त्यावरून घरात जे झालं ते झालं. तर दार लागलं. छान लागलं. मग उघडेना. अंगात बनियन, कमरेला टॉवेल, पायात काही नाही, मोबाईल आत चार्जिंगला, बायको आणि पोरगी बेडरूमचं दार लावून एसीत झोपलेल्या.

आता आण्णा.

समोरच्या बिल्डिंगची गॅलरी आणि आमची गॅलरी यांच्यात अंतर किती, तर चटणीची वाटी हातानं देता येत नाही पण वास पोचतो, तेवढं. तिथं आण्णा राहतात. वय सत्तरीच्या पुढं, अशोक चौकाकडं त्यांचे टॉवेलचे माग होते, ते विकून आता पोराकडं राहायला आलेत. त्यांची गॅलरी पूर्वेची, म्हणजे दुपारी सावलीत. तिथं खुर्ची टाकून, डोक्यावर ओला पंचा ठेवून, मांडीवर शेंगांची ताटली घेऊन बसले होते. मी दाराशी झोंबत होतो तेव्हापासून ते बघत होते, हे मला नंतर कळलं.

"काय करलालाव सर?"

"दार उघडंना आण्णा."

"आतनं कुणी लावलंय?"

"नाही हो, अडकलंय."

"मग उघडा की."

यावर माणसानं काय बोलायचं. मी काच वाजवली, हाका मारल्या, पण एसीच्या घरघरीत काय ऐकू जाणार. आण्णांनी एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि म्हणाले, "जरा ओढा बघू." ओढलं. "तसं नव्हं. आवाज येऊ द्या." जोर लावून ओढलं. त्यांनी डोळे मिटले. सगळी हयात मागांच्या खडखडाटात गेलेला माणूस, धोटा कुठं अडकलाय ते ह्यांना आवाजावरनं कळायचं म्हणे, आणि मला खरंच क्षणभर वाटलं की चला, योग्य माणूस भेटला.

"डावा रोलर," आण्णा डोळे न उघडता म्हणाले. "खालचा. पट्टीवरनं उतरलाय."

"मग आता?"

"आता काय. जुनं झालं. दार बदला की सर."

इकडं माझे पाय भाजायला लागले होते. पश्चिमेच्या गॅलरीची फरशी मे महिन्यात दुपारी काय तापते ते सोलापूरकरांना सांगायला नको. मी एक पाय उचलायचा, मग दुसरा, शेवटी न राहवून कुरडया घातलेल्या जुन्या चादरीच्या कोपऱ्यावर उभा राहिलो. पायाखाली कुडूम् झालं.

"कुरडई मोडलालाव सर," आण्णांनी तिकडनं कळवलं.

म्हणलं, आण्णा, बायकोला फोन लावा जरा. "नंबर सांगा." आता बायकोचा नंबर कुणाला पाठ असतो? लग्न ठरलं तेव्हाचा त्यांचा लँडलाईन नंबर मला अजून तोंडपाठ आहे, पण तो उचलणारं आता तिथं कुणी नाही. आण्णांनी मान हलवली. मग त्यांना एकदम सुचलं. "थांबा, साडूच्या पोराला लावतो. तो ॲल्युमिनियमचंच करतो." मला वाटलं, हा पोरगा येईल, वर चढेल, दार काढेल. आण्णांनी व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाईल कठड्याबाहेर धरून माझ्याकडं वळवला. म्हणजे आता मी बनियन-टॉवेलवर, कुरडयांच्या मधोमध उभा, एका अनोळखी माणसाच्या मोबाईलमध्ये. तोही जेवत होता. मागं कुणीतरी बाई "कोण हाय रे?" असं विचारत होती.

"काय बे, हे दार बघ. सरांचं हाय. बदलायचंय."

"बदलायचं नाही, उघडायचंय!" मी ओरडलो.

"दोन ट्रॅक पाहिजे का तीन?" पोरगं घास गिळून म्हणालं.

"काय?"

"तीन ट्रॅक घ्या म्हणतोय," आण्णा. "एकात मच्छरजाळी बसते. तुमच्याकडं डास लई हायत, आमच्याकडं येतात."

"अरे बाबा, मी बाहेर अडकलोय!"

"कलर कुठला? वूडन फिनिश चाललंय सध्या. साईझ सांगा, लगेच रेट काढतो."

आणि आण्णा अगदी शांतपणे, पोराला गणित घालावं तसं, "सर, वितीनं मोजा की. तसं पण उभंच हाव."

इथं वाचणारा म्हणेल की मी मोजलं नसणार. मोजलं. उन्हात डोकं चालत नाही आणि समोरून दोघं जण पूर्ण खात्रीनं सांगायला लागले की हात आपोआप उठतो. रुंदी आठ वीत. उंची नऊ वीत आणि चार बोटं, वरच्या विती चवड्यावर उभं राहून मोजल्या, त्यात टॉवेल सुटता सुटता राहिला आणि आणखी दोन कुरडया गेल्या, आण्णांनी दोन्ही मोजून सांगितल्या. पोरानं हिशोब केला. सहा बाय सात, ४२ स्क्वेअर फूट, ५५० चा रेट, २३,१०० रुपये, फिटिंग धरून, "आण्णांचे शेजारी म्हणून." मला घाम पुसायला टॉवेल हवा होता पण तो कामावर होता.

तेवढ्यात पोरगी पाणी प्यायला उठली. तिनं काचेतून बघितलं, आत गेली आणि मोबाईल घेऊन आली. मदत मागायला नाही. फोटो काढायला. मग दाराशी आली, ओढून बघितलं, तर पलीकडनं आण्णा खणखणीत आवाजात ओरडले, "पोरी, वर उचलून सरकव गं! उचलून!" मी बाहेरनं, ती आतनं, पल्ला बोटभर वर उचलला, खटकन आवाज आला, रोलर पट्टीवर बसला आणि दार सरकलं.

मी आत पाऊल टाकायच्या आधी वळलो. "आण्णा, उचललं की उघडतं हे तुम्हाला माहिती होतं?"

"माहिती म्हंजे? असल्या दाराचं तेच असतंय."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही कुठं विचारलाव? तुम्ही फोन लावा म्हणलाव."

त्या संध्याकाळी बायकोला रोलर, पट्टी, २३,१०० यातलं काही ऐकायचं नव्हतं. तिचा विषय कुरडया. तो मी इथं घेत नाही.

पण माझ्या डोक्यातनं दार जाईना. मग टॉर्च, जुना टूथब्रश आणि टेप घेऊन खाली बसलो. ट्रॅकमध्ये धूळ, कबुतराचं पीस, मागच्या वर्षीच्या सांडग्यांचे तुकडे, सगळं घट्ट बसलेलं. आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळं गॅलरी धुणं हा सण असतो, आणि ही असली धूळ रोलर खाते. जो येतो तो सांगतो खोबरेल तेल सोडा. तेल सोडलं की आठवडाभर दार लोण्यात चालल्यासारखं वाटतं आणि मग त्याच तेलाला धूळ चिकटून चिखल होतो. आधी खरवडून काढायचं, मग सोडायचंच तर सिलिकॉनचा स्प्रे. डावा रोलर एका बाजूनं झिजून सपाट झालेला. आण्णा बरोबर होते, हेच मला जास्त लागलं.

आता रोलर गेला म्हणून कुणी दार बदलतं का? रोलर बदलतात. पल्ल्याच्या तळाला कडेनं एक स्क्रू असतो, तो फिरवला की पल्ला वरखाली होतो, कित्येकदा तेवढ्यानंच भागतं. कडेचं रबर वाळलं, ब्रश झडला, तर ते मीटरवर मिळतं. दार लावून मध्ये कागद धरायचा, सहज ओढून निघाला तर फट आहे, रबर बदला, दार कशाला? पावसाळ्यात हॉलमध्ये पाणी येतं म्हणून आम्ही दरवर्षी खाली टॉवेल कोंबतो, तर या वेळी बघतो तो ट्रॅकच्या बाहेरच्या कडेला पाणी जायला जी छिद्रं ठेवलेली असतात ती गवंड्यानं व्हाईट सिमेंटनं बुजवलेली. बुजवलेली! इतकी वर्षं आम्ही टॉवेल पिळतोय.

मग टेपनं चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले. ते सारखे यायला पाहिजेत. बोटभर फरक. म्हणजे चौकटच गुण्यात नाही, एक तर बसवतानाच वाकडी बसवली नाहीतर नंतर खालची बाजू खचली. चौकट वाकडी तर नवा रोलर घातला तरी तो पण एकाच बाजूला झिजणार. त्यात ऊन. सात फुटाची ॲल्युमिनियमची पट्टी ३० अंशांनी तापली की दीडेक मिलिमीटर वाढते, नीट बसवलेल्या दाराला तेवढी जागा सोडलेली असते, आमच्याकडं नव्हतीच, म्हणून आमचं दार सकाळी सरकायचं आणि दुपारी अडायचं, आणि घरात मला ऐकून घ्यावं लागायचं की तुम्हालाच कसं उघडता येत नाही.

आणि काच. टफन काचेच्या, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेल्या काचेच्या, कोपऱ्यात बारीक शिक्का असतो. आमच्या काचेवर चारही कोपरे पुसून बघितले, नाही. म्हणजे साधी काच, फुटली तर सुरीसारखे तुकडे, आणि त्याच काचेवर पोरगी लहानपणी बॉल मारायची. टफन फुटली तर तिचे बारीक खडे होतात. दार बदलायला एवढं एक कारण पुरे होतं. पण तीन ट्रॅक विचारणाऱ्यानं ते विचारलं नाही, वूडन फिनिश सांगणाऱ्यानं सांगितलं नाही, आणि बिल्डरनं तर फ्लॅट विकताना त्याच काचेतून मावळता सूर्य दाखवला होता. सोलापुरात! पश्चिमेला! जिथं मार्चपासून सूर्य नको म्हणून लोक पडदे ओले करतात तिथं ह्यानं ४२ स्क्वेअर फूट ऊन आत घेतलंय आणि वर त्याचे पैसे लावलेत. आमच्या गावाकडं मोहोळ तालुक्यात माळवदाचं घर होतं, दोन हात जाड भिंती, दार एवढं बुटकं की वाकल्याशिवाय आत जाता येत नव्हतं, पण दुपारी आत पाय टाकला की गार. ते दार कधी बदललं नाही. घर पडलं तेव्हा दार उभं होतं.

सोमवारी रोलर खिशात घालून बाजारात हिंडलो. एका दुकानात म्हणाले हा सेक्शन, म्हणजे ह्या घडणीची ॲल्युमिनियमची पट्टी, बंद झाला. दुसऱ्यानं रोलर हातात न घेताच मान हलवली. तिसऱ्याकडं जवळपास तसला मिळाला, किंमत चहा-भजीएवढी, पण बसवायला माणूस? "एवढ्याशा कामाला कोण येणार साहेब, पूर्ण दार असेल तर सांगा." हेच मला सहन होत नाही. रोलर बसवायला माणूस नाही, २३,००० चं दार बसवायला चार जण तयार. कुकरची शिट्टी, पंख्याचा कंडेन्सर, बॅगेची चेन, सगळीकडं हेच, दुरुस्तीला गेलं की तुमच्याकडं असं बघतात की काय चिंगूस माणूस आहे, आणि आपणच ओशाळून नवीन घेऊन येतो.

तर घ्यायचं ठरलं. चौकट वाकडी, काच साधी, आता वाद नको. साडूच्या पोराला सांगितलं, टफन पाहिजे, चौकटीसकट पाहिजे, आणि माप स्वतः येऊन टेपनं घे, कारण टफन काच एकदा भट्टीतून निघाली की परत कापता येत नाही. त्यानं म्हणे आधीच ऑर्डर लिहून ठेवली होती. कशावरनं? माझ्या वितीवरनं. वर म्हणतो, "मोठ्या माणसाची वीत नऊ इंचाचीच असती सर."

काल त्याचं कोटेशन मोबाईलवर आलं. टफन धरून रेट वाढलेला, जीएसटी वेगळा, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात, जुना दरवाजा पार्टीकडे जमा. पार्टी म्हणजे तो. ॲल्युमिनियमचं भंगार किलोवर जातं, चांगल्या भावानं जातं, हे न कळण्याइतका मी येडा नाही. माझं दार, माझ्या पैशाचं, मला त्यानं उन्हात उभं केलं, आणि भंगार ह्याचं?

गॅलरीत गेलो. दार उघडंच ठेवलं, कबुतर येऊ दे नाहीतर मोर येऊ दे. आण्णा बसलेच होते.

"आण्णा, जुनं दार मी देणार नाही."

"नका देऊ की. तुमचंच हाय."

मला जरा बरं वाटलं. आण्णांनी शेंग फोडली.

"काढायची मजुरी मग वेगळी पडंल."