कारण नसताना केलेला कॉल

मायदेशातल्या मित्रमंडळींत एक वाद वरचेवर रंगतो. सोशल नेटवर्कवर व्हिडिओ कॉल फुकटात मिळायला लागल्यापासून माणसं एकमेकांकडे जायची बंद झाली, चेहरा दिसला की भेट झाली असं मानून मोकळी होतात, असं एका बाजूचं म्हणणं. दुसरी बाजू म्हणते, काळ बदलला, आता हेच भेटणं. बरीच वर्षं परदेशात काढल्यावर मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात, कारण दोघंही कॉलची तुलना भेटीशी करतात. ज्याला मनात आलं की उठून भेटायला जाता येतं, त्याला ती तुलना सुचणारच. आमच्याकडे कॉलच्या जागी आधी भेट नव्हतीच. अधूनमधून वेळ ठरवून केलेला, मिनिटं मोजत उरकलेला फोन होता, आणि मधले सगळे दिवस एकमेकांचा पत्ता नसायचा.

चेहरा बघत बोलायची कल्पना काही आजची नाही. अमेरिकेतल्या एटी अँड टी कंपनीने १९६४ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ‘पिक्चरफोन’ मांडला आणि १९७० मध्ये पिट्सबर्गमध्ये त्याची सेवा विकायलाही काढली. ती चालली नाही. एक तर महाग, आणि हौसेने यंत्र घेतलं तरी ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडेही ते असायला हवं. सोशल नेटवर्कने नेमकी हीच अडचण सोडवली. जुलै २०११ मध्ये फेसबुकने स्काइप या इंटरनेटवरून कॉल करायच्या सेवेच्या मदतीने गप्पांच्या खिडकीतच व्हिडिओ कॉलची सोय केली, त्याच सुमारास गूगल प्लस या गूगलच्या तेव्हाच्या सोशल नेटवर्कवर हँगआउट्स ही व्हिडिओ गप्पांची सोय आली, आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल सुरू झाला. चित्र पाठवायचं तंत्र तोवर जुनं झालं होतं. बदल एवढाच की आपली माणसं तिथे आधीपासूनच होती, आणि नावावर बोट ठेवलं की समोर घंटा वाजत होती.

यामुळे माझ्या बोलण्यात काय बदललं, ते सांगते. फोनवर आम्ही बातम्या सांगायचो. तब्येत, पगार, कुणाचं लग्न, कुणाची परीक्षा. आता आई फोन पुस्तकाला टेकवून ठेवते आणि कपड्यांच्या घड्या घालत बसते. मला तिचं अर्धं कपाळ आणि वरचा पंखा दिसतो. इकडे माझी मुलगी गृहपाठ करते, मध्येच हलणारा दात दाखवायला कॅमेऱ्यात तोंड घालते. कितीतरी वेळ कुणीच काही बोलत नाही, आणि तरी कॉल चालू असतो. अशाच एका कॉलमध्ये आई उठताना टेबलाला धरून, थांबून उभी राहिलेली दिसली. फोनवर विचारलं असतं तर “मी ठणठणीत आहे गं” एवढंच ऐकायला मिळालं असतं. गुडघा दुखतोय हे तिने सांगितलं नव्हतं, आणि एरवी कधी सांगितलंही नसतं.

पण याच गोष्टीची दुसरी बाजूही खरी आहे, आणि तिथे मायदेशातल्या टीकाकारांचं म्हणणं मला पटतं. आईने न सांगता मला दिसलं, तसं कुणालाही आपलं न दाखवायचं काहीतरी दिसू शकतं. अवेळी आलेला व्हिडिओ कॉल उचलला नाही तर राग, उचलून कॅमेरा बंद ठेवला तर “काय लपवतेस?” हा प्रश्न. दिसायचं की नाही हे ज्याचं त्याला ठरवता यायला हवं. कॉल करण्याआधी “व्हिडिओ लावू का?” एवढं विचारायची सवय घराघरात लागली, तर निम्मे रुसवेफुगवे होणारच नाहीत.

आणखी एक गोष्ट आमच्यासारख्या लांबच्यांना जास्त जाणवते. समोरासमोर बोलताना एकाचं वाक्य संपल्यापासून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंतचा वेळ साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा, म्हणजे २०० मिलिसेकंद असतो. इंटरनेटवरचा कॉल ज्यातून जातो त्या काचतंतूतून (ऑप्टिकल फायबर) प्रकाशाला १०,००० किलोमीटर जायलाच ५० मिलिसेकंद लागतात, वर चित्र आकसून पाठवण्याचा आणि वाटेतल्या थांब्यांचा वेळ वेगळा. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या पुढे गेला की संभाषण अडखळू शकतं. दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात. “हिने लगेच हो म्हटलं नाही” असा कुणाचा तरी समज होतो, आणि दोष असतो तारेचा. नाजूक विषय असेल तेव्हा मी कॅमेरा बंद करून नुसत्या आवाजावर बोलते. डेटा कमी लागतो, अडखळणं कमी होतं.

तरीही व्हिडिओ कॉल नकोच म्हणणाऱ्यांनी एकदा कर्णबधिर माणसांचा विचार करावा. ज्यांची भाषाच हातांनी आणि चेहऱ्याने बोलली जाते, त्यांच्यासाठी साधा फोन असून नसल्यासारखा होता. आपल्या भाषेत लांबच्या माणसाशी थेट बोलणं त्यांना व्हिडिओमुळेच शक्य झालं. लिहिता न येणारे आजीआजोबा आणि अजून वाक्य जुळवता न येणारी नातवंडं यांचंही तेच. या लोकांचा मुद्दा त्या वादात मला फारसा ऐकू येत नाही, आणि त्याचं वाईट वाटतं.

वाद घालायचाच तर या सोयीची किल्ली कुणाच्या हातात आहे यावर घालायला हवा. टेलिफोनवर मी कुठल्याही कंपनीच्या नंबरवरून कुठल्याही कंपनीच्या नंबरला फोन लावू शकते. व्हिडिओ कॉलला ही मुभा नाही. ५ मे २०२५ रोजी स्काइप बंद झालं, तेव्हा ते वापरणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना नवं ॲप शिकवायची वेळ कितीतरी घरांवर आली. संयुक्त अरब अमिरातीत राहणाऱ्यांना तर व्हॉट्सॲपवर संदेश चालतात, पण कॉलवर निर्बंध आहेत. युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स कायद्यात मोठ्या संदेशसेवांनी आपलं दार इतर सेवांना उघडावं अशी तरतूद आहे. आधी लेखी संदेश, आणि ती सेवा या कायद्याखाली येते असं जाहीर झाल्यापासून चार वर्षांत व्हिडिओ कॉलही. व्हॉट्सॲपसाठी ही मुदत सप्टेंबर २०२७ मध्ये संपते. असा नियम मायदेशातही हवा, ही मागणी तिथल्या मित्रांनी लावून धरावी असं मला मनापासून वाटतं. माझी एक मावशी एक ॲप वापरते, काका दुसरं, आणि दोघांशी एकाच कॉलवर बोलायचं तर आजही कुणा एकाला आपलं ॲप सोडावं लागतं.