नॉरफोक बेटाचं मत कुणी विचारलं?

नॉरफोक हे प्रशांत महासागरातलं, ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातलं छोटं बेट. 'दोन हजार वस्तीच्या नॉरफोक बेटाला स्वतःची विधानसभा परवडत नव्हती, ऑस्ट्रेलियाने ती बंद केली हे योग्यच', हे एका लेखातलं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. पैशाची तंगी खरी होती, २०१० मध्ये बेटाच्या सरकारनेच कॅनबेराकडे, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारकडे, मदत मागितली होती. पण मे २०१५ च्या सार्वमतात जवळपास ६८ टक्के लोकांनी आमचं भवितव्य आम्हाला ठरवू द्या असं सांगितलं, आणि पुढच्याच महिन्यात १९७९ पासूनची नऊ सदस्यांची विधानसभा गुंडाळली गेली. त्या विधानसभेच्या निवडणुकीत मतदाराच्या हाती नऊ मतं असायची आणि एकाच उमेदवाराला एकाहून जास्त मतंही देता यायची. (टेलिफोन डिरेक्टरीत लोकांची टोपणनावं छापणारं बेट आहे हे. कोण कसा आहे ते सगळ्यांना ठाऊक!)

आता शाळा-दवाखान्याच्या सेवा ऑस्ट्रेलियातलं क्वीन्सलँड राज्य पुरवतं, त्याआधी न्यू साउथ वेल्स राज्य पुरवायचं. त्या राज्यांच्या विधानसभांसाठी मात्र नॉरफोकवासीयांना मत नाही. मग दवाखान्याची तक्रार घेऊन त्यांनी कुठल्या आमदाराकडे जायचं? ग्रामसभेत उभं राहून सरपंचाला जाब विचारणाऱ्या आपल्या लोकांना तरी हे कळायला हवं.