लवकर वाढणाऱ्या बोकडाचे मटण चिवटच? खुलासा

सिन्नर-येवल्याकडच्या शेळीपालकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मेसेज फिरतोय: लवकर वजन धरणाऱ्या बोकडाचे मटण चिवट निघते, ते जनुकांतच असते, म्हणून वजन बघून बोकड निवडू नका. इतके सरसकट विधान खरे नाही.

या प्रश्नावरची बरीचशी मोजणी गोवंशावर, तीही परदेशात झाली आहे. वाढीचा वेग आणि मांसाचा मऊपणा यांतला आनुवंशिक सहसंबंध उणे १ ते अधिक १ या पट्टीवर (शून्य म्हणजे संबंधच नाही) बहुधा शून्याच्या आसपासच येतो. वेगाने वाढणारा वळू निवडला की मऊपणा गेलाच, असे होत नाही.

मेसेज अगदीच हवेतून आला नसावा. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमात जन्मलेल्या एका मेंढ्यात 'कॅलिपायज' हे उत्परिवर्तन (जनुकातला बदल) आढळले: मागचे स्नायू भरघोस, पण पाठीचे मांस चिवट. उलट बेल्जियन ब्लू गाईंत स्नायूंच्या वाढीला लगाम घालणारे मायोस्टॅटिन जनुक निकामी असल्याने स्नायू फुगतात, चरबी घटते, तरी मांस मऊच राहते. हे दोन्ही एकेका जनुकाचे किस्से. संगमनेरी किंवा उस्मानाबादी शेळीची वाढ मात्र अनेक जनुके मिळून ठरवतात (आणि चाराही).

मटण चिवट लागले तर आधी बोकडाचे वय विचारा. मग प्रवास. टेम्पोत उपाशी कोंबून आणलेल्या जनावराच्या स्नायूंतले ग्लायकोजेन (साठवलेली साखर) संपते, मांस गडद आणि कोरडे पडते.

वजनावर निवड जरूर करा, फक्त वजनाशेजारी जन्मतारीख लिहा. नाहीतर वयाने मोठा बोकडच वेगाने वाढणारा वाटतो.