बॉम जीझसचा लाल रंग मूळचा नव्हे

जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस बॅसिलिकेला गिलावा केला तर तिचं चारशे वर्षांचं मूळ लाल रूप जाईल, असा मजकूर फिरतोय. तो चुकीचा आहे. १६०५ साली पवित्र केलेल्या या चर्चच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात पोर्तुगीज वास्तुविशारद बाल्टाझार कास्ट्रो यांनी तो काढायला लावला. म्हणजे हे ‘प्राचीन’ रूप जेमतेम सत्तर वर्षांचं! भिंती जांभ्याच्या, म्हणजे लाल दगडाच्या, आणि जांभ्याचा चिरा सच्छिद्र. उघडा राहिला की पावसाळाभर पाणी पितो, भुसभुशीत होतो, खरवडला तर लाल भुकटी बोटाला लागते. कोकणातल्या कुठल्याही गवंड्याला विचारा. आत आजही मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती सामूहिक प्रार्थना, होते, त्यामुळे पाणी मुरणारी भिंत हा निव्वळ फोटोचा प्रश्न नाही.