कुऱ्हाडे सापडेनात

पतसंस्थेच्या काउंटरसमोर कुऱ्हाडेकाका उभे. (नाव बदललंय, पण त्यात 'ऱ्ह' असणं भाग आहे. का ते कळेलच.) हातात पासबुक, पासबुकावर फोटो, फोटोत तेच काका. आणि स्क्रीनवर आमचं सॉफ्टवेअर शांतपणे सांगतंय: 'सभासद आढळला नाही'.

मी तिथे अपडेट टाकायला गेलो होतो आणि मागच्या खुर्चीवर चहा पीत बसलो होतो. काउंटरवरच्या मॅडम माझ्याकडे न बघताच काकांना म्हणाल्या, "तसं नाही सापडत ते. थांबा." मग त्यांनी नुसतं 'कु' टाइप केलं आणि कुंभार, कुटे, कुटे, कुदळे, कुमठेकर असं खाली सरकत सरकत काकांना गाठलं. नशीब, कुलकर्णी त्यानंतर येतात. "किती दिवस असं करताय?" म्हटलं तर म्हणाल्या, "पहिल्यापासून. मशीनला ते नाव येत नाही ना."

दोन वर्षं! एक फोन नाही, एक तक्रार नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रात्री डेटा उघडून बसलो. काकांचं आडनाव डोळ्यांना एकच दिसत होतं, पण आत दोन निराळ्या तऱ्हेने लिहिलेलं. मॅडम इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट दाबून जे देतात, तो 'ऱ'. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीत, त्याला स्वतःचा क्रमांक आहे, ०९३१. मुळात तो आहे द्राविडी भाषांमधला एक वेगळा 'र' देवनागरीत लिहिता यावा म्हणून, पण त्याचं अर्धं रूप आपल्या कामी आलं. जुन्या डेटात मात्र साधा 'र', मग हलन्त, मग एक झेडडब्ल्यूजे. म्हणजे शून्य रुंदीचा जोडक: दिसत नाही, जागा घेत नाही, पण असतो. जुन्या आवृत्तीशी सुसंगत राहावं म्हणून युनिकोडने ही रीतही चालू ठेवलीय. दोन्हींतून पडद्यावर तोच 'ऱ्ह' उमटतो. माणसाला फरक कळत नाही आणि कॉम्प्युटरला साम्य कळत नाही.

आता इथले जाणकार म्हणतील, 'नॉर्मलायझेशन कर की लेका', म्हणजे एकच अक्षर निरनिराळ्या तऱ्हांनी लिहिलेलं असेल तर ते एका ठरलेल्या रूपात आण. केलं. 'र'खाली नुक्ता देऊन लिहिलेला 'ऱ' त्यात बरोबर वळणावर येतो. हा जोडक येत नाही, तो जिथल्या तिथे.

मग मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. एका ओळीत सगळी अदृश्य अक्षरं उडवून टाकली. तीही शोधण्यापुरती नाही, थेट मूळ डेटात. शुक्रवारी. संध्याकाळी. सोमवारी फोन आला. काकांच्या पावतीवर 'कुर्हाडे' छापून आलं होतं, 'ह'च्या डोक्यावर रफार ठेवून. जोडक गेला की उरतो नुसता 'र' आणि हलन्त, आणि त्याचा रफारच होणार. शाळेत बाईंनी दर्या आणि दऱ्या, आचार्यांना आणि आचाऱ्यांना हा फरक फळ्यावर लिहून दाखवला होता. तेव्हा मी मागच्या बाकावर फुली-गोळा खेळत होतो. बॅकअप होता म्हणून नोकरी आहे.

माझा राग युनिकोडवर नाही. आम्हा मराठी प्रोग्रामरांवर आहे, म्हणजे आधी माझ्यावर. सबंध टीममध्ये एक सोडून सगळे मराठी. पण आमचा टेस्ट डेटा काय होता? अमर पवार, कमल पवार, सागर जाधव. अंकलिपीतलं 'कमल नमन कर'च जणू. जोडाक्षर नाही, 'ऱ्ह' नाही, 'ॲ' नाही. त्या 'ॲ'चीही वेगळीच कथा आहे. त्याला युनिकोडमध्ये जागा मिळाली २००८ साली. तोवर लोक 'अ'वर चंद्र ठेवून काम भागवत होते, कोणी हिंदीतला 'ऍ' घेत होतं. त्यामुळे 'ॲडव्होकेट' शोधायचे तर तीन वेळा शोधा, आणि नॉर्मलायझेशन इथेही हात वर करतं.

हल्ली इंटरव्ह्यूत मी पोरांना स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, उलटी करायला सांगतो. लगेच करतात, पायथन भाषेत एका ओळीत. मग म्हणतो, आता 'स्त्री' उलटी करून दाखव. पडद्यावर सुरुवातीलाच एक अनाथ वेलांटी लोंबकळते. लांबी विचारली तर पायथन ६ सांगतो: स, हलन्त, त, हलन्त, र, वेलांटी. तेच युटीएफ-८मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, मोजलं तर १८ बाइट. आणि आईला विचारलं तर एक अक्षर. आईचं उत्तर युनिकोडच्या नियमांत आलं २०२३ साली, १५.१ आवृत्तीत. तोवर नियमाप्रमाणे त्या एका अक्षराचे तीन तुकडे पडायचे. एक मुलगी मात्र कीबोर्डला हात न लावता म्हणाली, "सर, उलटी करून काय हवंय ते आधी सांगा." तिला घेतलं.

तर, शेवटी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. नाव जसं टाइप झालंय तसंच ठेवायचं, त्याला हात लावायचा नाही. शेजारी एक वेगळा कॉलम, फक्त शोधण्यासाठी. त्यात आधी 'र-हलन्त-जोडक' दिसला की त्याचा 'ऱ' करायचा, उरलेले जोडक नंतरच काढायचे, तिन्ही ॲ एक करायचे. क्रम चुकला की परत रफार. चाळीसेक ओळींचं काम. टेस्टमध्ये आता कुऱ्हाडे आहेत, बोऱ्हाडे आहेत, गोऱ्हे आहेत, कऱ्हाड आहे, नि एक ॲडव्होकेट पण आहेत.

मागच्या महिन्यात परत गेलो होतो. छाती फुगवून मॅडमना म्हटलं, "आता पूर्ण नाव टाका, सापडेल." त्यांनी टाकलं. काका पहिल्या झटक्यात आले. मॅडम "अरे वा" म्हणाल्या, मला चहा सांगितला, आणि पुढचे सभासद आले तेव्हा सवयीने 'बो' टाइप करून खाली सरकायला लागल्या.